अर्ज भरून देणाऱ्यांसाठी: अर्जदाराची माहिती चव्हाट्यावर येऊ नये म्हणून

मागच्या पावसाळ्यात एका झेरॉक्सच्या दुकानात मी वीस-बावीस प्रती काढल्या. दुकानदारानं पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडला आणि तो कागद माझ्या हातात दिला. सवयीनं उलटून पाहिला, तर मागे कुणाच्या तरी अपंगत्वाच्या प्रमाणपत्राची तिरकी आलेली प्रत होती. नाव, गाव, जन्मतारीख, फोटो, 'मानसिक आजार' हे दोन शब्द आणि टक्केवारी. प्रत बिघडली म्हणून बाजूला पडलेली, कागद वाया जाऊ नये म्हणून हिशेबाला घेतलेली. दुकानदाराच्या मनात काही वाईट नव्हतं. पण माझ्याऐवजी तो कागद त्याच माणसाच्या आळीतल्या कुणाच्या हाती पडला असता, तर त्याच्या घरच्यांना काय काय ऐकावं लागलं असतं?

मी आठवड्यातून दोन दिवस लोकांना योजनांचे अर्ज भरून देते. निराधार, श्रावणबाळ, रेशन, शिष्यवृत्ती, जे समोर येईल ते. इतक्या वर्षांत दिसलेली गोष्ट अशी की माणसाची माहिती बहुतेक वेळा अर्ज भरण्याच्या टेबलावरूनच फुटते, आणि ती फोडणारे आपल्यासारखे मदत करणारेच असतात. समोरच्याला पैशांची गरज असते. 'हे कशाला विचारता?' असं म्हणायची त्याची हिंमत होत नाही, कारण अर्ज अडेल ही भीती असते. म्हणून ज्याच्या हातात पेन, त्याच्यावर जबाबदारी. सेवा केंद्र चालवणारे, अंगणवाडी सेविका, आशाताई, संस्थांचे कार्यकर्ते, शेजारच्या आजींचा अर्ज मोबाईलवर भरून देणारी कॉलेजची मुलं, या सगळ्यांसाठी हे लिहिते आहे.

पहिली पायरी: टेबल कसं मांडायचं

कायदे नंतर पाहू, आधी खुर्च्या. रांग टेबलाला चिकटलेली असेल तर बाकी सगळी काळजी फुकट आहे. रांगेतला पुढचा माणूस चार पावलं मागे उभा राहील अशी खूण जमिनीवर करा. खडूची रेघसुद्धा चालते. संगणकाचा पडदा अर्जदाराला दिसावा, रांगेला दिसू नये. भिंतीवर पाटी लावा: 'टेबलाजवळ एका वेळी एकच व्यक्ती'. पाटी सगळ्यांसाठी असली की कुणाच्या नवऱ्याला किंवा दिराला 'तुम्ही जरा बाहेर थांबा' असं वेगळं सांगावं लागत नाही. दोन मिनिटं एकटीला बोलू द्यावं, मग तिनं म्हटलं तर सोबतच्याला आत घ्यावं.

आता आवाजाविषयी. संजय गांधी निराधार अनुदान योजनेचं उदाहरण घ्या. या योजनेत विधवा, घटस्फोटित आणि परित्यक्ता स्त्रिया येतात, अपंग व्यक्ती येतात, क्षयरोग, कर्करोग, एड्स, कुष्ठरोग अशा आजारांचे रुग्ण येतात, तृतीयपंथी येतात, देहविक्रयातून बाहेर पडलेल्या स्त्रिया येतात. म्हणजे 'कोणत्या प्रकारात अर्ज करायचाय?' या साध्या प्रश्नाचं एका शब्दाचं उत्तर हेच त्या माणसाचं आयुष्यभर जपलेलं गुपित असू शकतं. आणि आपण तो प्रश्न पंख्याच्या आणि रांगेच्या आवाजावरून ओरडून विचारतो.

आम्ही त्यावर एक साधा उपाय केला. सगळे प्रकार मोठ्या अक्षरांत एका पुठ्ठ्यावर छापले, प्रत्येकाला क्रमांक दिला. अर्जदारानं बोट ठेवायचं, आम्ही क्रमांक लिहायचा. वाचता येत नसेल तर कोपऱ्यात नेऊन हळू आवाजात एकेक प्रकार वाचायचा आणि मान हलेपर्यंत थांबायचं. पहिल्याच आठवड्यात एक मावशी आल्या. त्याआधी दोनदा रांगेत उभ्या राहून परत गेल्या होत्या. त्यांनी पुठ्ठ्यावर बोट ठेवलं, उचललं, पुन्हा ठेवलं. एक शब्द न बोलता त्यांचा अर्ज झाला.

एचआयव्हीच्या बाबतीत तर २०१७ चा स्वतंत्र कायदा आहे. न्यायालयाच्या आदेशाखेरीज कुणालाही स्वतःची एचआयव्ही स्थिती उघड करायला भाग पाडता येत नाही, आणि दुसऱ्याची स्थिती त्याच्या संमतीशिवाय सांगता येत नाही. प्रमाणपत्र पाकिटात घालून अर्जाला जोडा आणि पाकिटावर फक्त अर्जदाराचं नाव लिहा.

ओटीपीही मोठ्यानं सांगायला लावू नका. अर्जदारानं स्वतः टाकावा, जमत नसेल तर फोन तुमच्यासमोर धरावा.

दुसरी पायरी: अर्जात आहे तेवढंच विचारा

योजनेचा चालू शासन निर्णय आणि कोरा अर्ज समोर ठेवून कागदपत्रांची यादी स्वतः तयार करा. ऐकीव यादी वापरू नका, कारण ऐकीव यादी दरवर्षी एका कागदानं वाढते. सवयीनं घेतल्या जाणाऱ्या पण न लागणाऱ्या गोष्टी पुष्कळ असतात: योजनेला जातीचा संबंध नसताना जातीचा दाखला, कुणी न मागितलेलं पॅन कार्ड, एटीएम कार्डाचा फोटो. पासबुकाचं पहिलं पान पुरतं, त्यावर नाव, खाते क्रमांक आणि आयएफएससी असतो. आतल्या पानांवर बाईनं कुणाला किती पाठवले, कोणत्या बचत गटाचा हप्ता थकला हे सगळं असतं आणि ते आपल्याला नको आहे. दवाखान्याची पूर्ण फाईलही नको, सक्षम अधिकाऱ्याचं प्रमाणपत्र बस्स.

कुतूहल आवरणं सगळ्यात कठीण. 'मिस्टर कशानं गेले?' हा प्रश्न तोंडातून निघून जातो. मृत्यूचा दाखला जोडला असेल तर तो प्रश्न उरतच नाही.

कोऱ्या अर्जावर सही किंवा अंगठा घेऊन ठेवू नका. मूळ कागद रात्रभर तुमच्याकडे राहू देऊ नका.

तिसरी पायरी: आधार, आणि इथे जरा थांबून वाचा

आधार नाकारता येत नाही अशा बऱ्याच योजना आहेत. आधार कायद्याच्या कलम ७ नुसार अनुदानासाठी आधार मागता येतं आणि सर्वोच्च न्यायालयानं २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात ते कायम ठेवलं. पण त्याच कलमात असंही आहे की आधार क्रमांक मिळालेला नसेल तर ओळखीचा दुसरा पर्याय द्यायचा. शिवाय पडताळणी करणाऱ्यानं कोणती माहिती जाणार आणि ती कशासाठी वापरणार हे आधी सांगायचं असतं. म्हणून अंगठा ठेवायला सांगण्याआधी एक वाक्य बोला: 'आजी, हा अंगठा रेशनच्या ई-केवायसीसाठी आहे.' हे एक वाक्य तुमच्या केंद्रात रूढ झालं तर आजींना पुढच्या ठिकाणी न सांगता अंगठा मागितला की वेगळं वाटेल.

झेरॉक्सची गोष्ट वेगळी. जिथे फक्त ओळख दाखवायची आहे तिथे मास्क्ड आधार वापरा. त्यात १२ पैकी शेवटचे ४ अंकच दिसतात आणि ते आधारच्या अधिकृत संकेतस्थळावरून उतरवून घेता येतं. मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयानं 'आधारची झेरॉक्स कुणालाही देऊ नका, मास्क्ड आधार द्या' असं पत्रक काढलं आणि गैरसमज होईल म्हणून दोनच दिवसांत ते मागे घेतलं गेलं. त्या गोंधळात मास्क्ड आधार ही सोय खरीच आहे हे मात्र लोक विसरले. पूर्ण क्रमांकाचीच प्रत मागितली तर तिच्यावर आडवं लिहा: 'फक्त अमुक योजनेच्या अर्जासाठी', तारीख आणि सही. अक्षरं छपाईवरून जाऊ द्या, कोपऱ्यात लिहिलेलं कापून टाकता येतं. फोटो आणि क्रमांक मात्र वाचता यायला हवेत, नाहीतर अर्ज परत येईल.

क्रमांक द्यायचाच नसेल तर १६ अंकी व्हर्च्युअल आयडी हा दुसरा मार्ग आहे. आधारशी जोडलेल्या मोबाईलवरून इंग्रजी अक्षरांत जीव्हीआयडी, एक मोकळी जागा आणि आधारचे शेवटचे ४ अंक असा संदेश १९४७ या आधारच्या मदत क्रमांकाला पाठवला की तो मिळतो. नवा काढला की जुना रद्द होतो. सगळ्याच पोर्टलवर तो चालतो असं नाही, पण चालेल तिथे वापरावा.

ई-आधारच्या पीडीएफवर पासवर्ड असतो म्हणून ती सुरक्षित आहे असं समजू नका. नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मवर्ष हाच तो पासवर्ड, आणि या दोन्ही गोष्टी गावात सगळ्यांना ठाऊक असतात.

आता बोटांचा ठसा. आधारवर चालणाऱ्या बँक व्यवहारात आधार क्रमांक, बँकेचं नाव आणि ठसा एवढ्यावर पैसे निघतात, ओटीपी लागत नाही. 'अंगठा लागला नाही, परत ठेवा' असं म्हणून दुसऱ्याच व्यवहाराला अंगठा घेण्याचे प्रकार झाले आहेत. प्रत्येक वेळी पावती मागायला अर्जदाराला शिकवा. बायोमेट्रिक लॉक करण्याची सोय आधारच्या अॅपवर आणि संकेतस्थळावर आहे आणि ती चांगली आहे. पण हा लॉक लावला की रेशन दुकानातल्या ई-पॉस यंत्रावरही अंगठा चालत नाही. ज्या आजोबांना तो उघडता येत नाही त्यांना उत्साहानं लॉक लावून दिलात तर महिन्याचं धान्य अडेल. घरात कुणीतरी अॅप वापरणारं असेल तरच लावा.

आधार कुठे कुठे वापरलं गेलं याचा मागच्या ६ महिन्यांचा इतिहास, एका वेळी ५० नोंदींपर्यंत, अधिकृत संकेतस्थळावर पाहता येतो. आमच्याकडे दर तिमाहीला अर्जदारांना तो दाखवतो. दहा मिनिटांचं काम आहे.

चौथी पायरी: मोबाईल क्रमांक कुणाचा?

ही चूक मी स्वतः केली आहे. एका काकूंकडे फोन नव्हता म्हणून घाईत माझाच क्रमांक अर्जात टाकला. पुढे त्यांचे सगळे संदेश माझ्याकडे येऊ लागले: मंजुरी, हप्ता जमा, ओटीपी. त्यांच्या पैशांची किल्लीच माझ्याकडे आली होती आणि त्यांना त्याची कल्पना नव्हती. क्रमांक बदलायला दोन फेऱ्या लागल्या. केंद्रचालकाचा, एजंटचा, कार्यकर्त्याचा क्रमांक कधीच टाकू नका. फोन नसेल तर अर्जदारानं स्वतः निवडलेल्या माणसाचा क्रमांक घ्या आणि 'या क्रमांकावर तुमच्या पैशांचे संदेश जातील' हे आधी सांगा. हाच नियम ईमेलला. केंद्रात बसून ईमेल उघडून दिलात तर पासवर्ड कागदावर लिहून अर्जदाराच्या हातात द्या, तुमच्या वहीत नको.

पाचवी पायरी: फोन, संगणक आणि व्हॉट्सअॅप

कागद व्हॉट्सअॅपवर मागवले की ते तुमच्या गॅलरीत बसतात, तिथून क्लाउडवर जातात, आणि तुमच्या घरातलं लेकरू गेम खेळता खेळता ते पाहतं. समोर आलेल्या माणसाच्या कागदाचा फोटो काढण्यापेक्षा थेट स्कॅन करा. लांबून पाठवावंच लागलं तर एकदाच उघडणारा फोटो पाठवायला सांगा आणि मीडिया आपोआप गॅलरीत जाण्याची सेटिंग बंद ठेवा. उत्पन्नाचा दाखला किंवा गुणपत्रिका डिजीलॉकरमध्ये असेल आणि पोर्टल ती तिथून घेत असेल तर फाईल हातोहात फिरतच नाही.

संध्याकाळी दुकान बंद करण्याआधी डाउनलोडचं फोल्डर, स्कॅनरचं फोल्डर आणि रीसायकल बिन रिकामे करा. ब्राउझरला पासवर्ड आणि अर्जातली माहिती लक्षात ठेवू देऊ नका; नाहीतर पुढच्या अर्जदाराचं नाव टाइप करताना आधीच्या चौघांचे आधार क्रमांक खाली यादीत उतरतात. अर्जदारानं दुकानाच्या संगणकावर स्वतःचं व्हॉट्सअॅप उघडलं असेल तर त्याच्या फोनमधल्या लिंक्ड डिव्हाइसेसमध्ये जाऊन ते बंद करून द्या.

संकेतस्थळाचा पत्ता दर वेळी पाहा. मोठी योजना जाहीर झाली की तिच्या नावाची खोटी संकेतस्थळं लगेच उगवतात. राज्य सरकारच्या बहुतेक योजनांचा पत्ता जीओव्ही डॉट इन नं संपतो.

सहावी पायरी: पैसे कोणत्या खात्यात

थेट लाभाचे पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात जातात, आणि एका वेळी असं एकच खातं असतं. जे शेवटी जोडलं ते. २०१७ मध्ये सिमकार्डाच्या ई-केवायसीच्या निमित्तानं लाखो लोकांची खाती त्यांच्या नकळत एका पेमेंट्स बँकेत उघडली गेली आणि गॅसची सबसिडी तिकडे वळली. डिसेंबरमध्ये आधार प्राधिकरणानं त्या कंपनीची ई-केवायसी थांबवली. तेव्हापासून मी अर्ज भरण्याआधी आधारच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' पाहते. अर्जदाराला माहीत नसलेल्या बँकेचं नाव दिसलं तर आधी ते निस्तरायचं, मग अर्ज.

सातवी पायरी: वही आणि रद्दी

तुमच्या नोंदवहीत काय लागतं? तारीख, नाव, योजना, अर्ज क्रमांक. पूर्ण आधार क्रमांक, खाते क्रमांक किंवा आजार कशालाही लागत नाही. वही कुलपात ठेवा. बिघडलेल्या प्रती त्याच दिवशी बारीक फाडा किंवा पाण्यात भिजवून लगदा करा. झेरॉक्सवाल्या दादांनाही हात जोडून सांगा की हे कागद पाठकोरे म्हणून वापरू नका. आमच्या दुकानदाराला तो अपंगत्वाचा कागद नेऊन दाखवला तेव्हा तो क्षणभर गप्प झाला, आणि मग काउंटरखालचा सगळा गठ्ठा त्यानं माझ्यासमोर फाडला.

आठवी पायरी: लाभार्थ्यांच्या याद्या

याद्या लागायलाच हव्यात. ग्रामसभेत नावं वाचली जातात म्हणून बोगस लाभार्थी सापडतात, खरा वंचित माणूस 'माझं नाव का नाही?' असं विचारू शकतो. सामाजिक अंकेक्षण बंद करा असं माझं अजिबात म्हणणं नाही. प्रश्न नावापुढच्या रकान्यांचा आहे. बंगळुरूच्या सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटी या संस्थेनं २०१७ मध्ये दाखवून दिलं की चार सरकारी पोर्टलवर मिळून १३ कोटींच्या आसपास आधार क्रमांक उघडे होते. त्यांत रोजगार हमी आणि सामाजिक सहाय्य पेन्शनची पोर्टलंही होती. आधार कायद्याचं कलम २९(४) आधार क्रमांक जाहीररीत्या प्रसिद्ध करायला मनाई करतं.

फलकावर लावायच्या यादीत नाव, अर्ज क्रमांक आणि मंजूर की नामंजूर एवढं पुरे. खाते क्रमांक लिहायचाच असेल तर शेवटचे ४ अंक. आजार किंवा कौटुंबिक स्थिती सांगणारा प्रकार यादीत लिहू नका. तपासायचा असेल तर तो कार्यालयातल्या फाईलमध्ये आहे. आणि एक्सेलची मूळ फाईल गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका, लपवलेले रकाने एका क्लिकवर उघडतात.

फोटोचंही तसंच. साडी किंवा धनादेश देताना स्टेजवर 'फोटो काढू ना?' असं विचारणं ही संमती नव्हे, हात पुढे केलेला माणूस नाही कसं म्हणेल? वस्तू आधी द्या. फोटोचं नंतर, एकटं असताना विचारा.

जिथे जिवाचा प्रश्न आहे

नवऱ्याच्या मारहाणीतून सुटून माहेरी किंवा आधारगृहात आलेली ताई अर्ज करते तेव्हा पत्ता आणि फोन हे दोन रकाने सर्वांत धोक्याचे. मोबाईल क्रमांक अजून नवऱ्याच्या हातातल्या सिमचा असेल तर 'खात्यात १५०० रुपये जमा' हा संदेश त्याला जातो, आणि बँकेची शाखा कळली की गावही कळतं. अशा वेळी क्रम असा ठेवा: आधी नवं सिम, मग बँकेत आणि आधारमध्ये क्रमांक बदल, शक्य तर नवं खातं, आणि त्यानंतरच अर्ज. पत्रव्यवहाराचा पत्ता तिनं निवडलेला असू द्या.

लाडकी बहीण योजनेच्या २०२५ मधल्या ई-केवायसीत पतीचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक आणि त्यांच्या फोनवरचा ओटीपी मागितला गेला, तेव्हा वेगळ्या राहणाऱ्या बायका आमच्या टेबलासमोर रडल्या. ओटीपीसाठी त्या माणसाला फोन करायला लावू नका. अडचण लेखी लिहा, महिला व बालविकास कार्यालयात द्या आणि पोच घ्या.

अत्याचारपीडित स्त्रिया-मुलांसाठीच्या मनोधैर्य योजनेतला अर्ज हाताळत असाल तर लक्षात ठेवा, बलात्कार पीडितेची ओळख उघड करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार गुन्हा आहे आणि त्याला दोन वर्षांपर्यंत कैद आहे. लहान मूल असेल तर पोक्सो आणि बाल न्याय कायदाही लागतो. असा अर्ज नोंदवहीत नावानं लिहू नका, फक्त क्रमांकानं. केंद्रातल्या एकाच माणसानं तो पाहावा.

माहिती फुटलीच तर

लपवू नका. त्याच दिवशी अर्जदाराला सांगा की नेमका कोणता कागद, कुणाकडे गेला. खात्याचा तपशील गेला असेल तर बँकेला कळवा, आधार गेलं असेल तर वापराचा इतिहास काढा आणि घरात जमत असेल तर बायोमेट्रिक लॉक लावा. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला लगेच फोन, तासांचा फरक पडतो. ग्रुपवर यादी पडली असेल तर टाकणाऱ्याला ती काढायला लावा, पण त्याआधी दिवस आणि वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या, तक्रारीला लागेल. तक्रार लेखी द्या, पोच घ्या. खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमतानं सांगितलं आहे. तक्रारीत ही तारीख जरूर लिहा.

आमच्याकडे प्रत्येक अर्जदार जाताना एक चिठ्ठी घेऊन जातो. तिच्यावर योजना, तारीख, अर्ज क्रमांक, कोणत्या कागदांच्या प्रती दिल्या आणि कोणता मोबाईल क्रमांक टाकला एवढं हातानं लिहिलेलं असतं. वाचता येत नसेल तर वाचून दाखवतो. चिठ्ठीच्या मागच्या बाजूला १९४७ आणि १९३० हे दोन क्रमांक छापून घेतले आहेत.